उसनी रात्र

साल दोन हजार एकोणीस. जानेवारी संपत आला होता आणि थंडी मात्र आता कुठे रंगात आली होती. वार मंगळवार. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कधीची गोष्ट विचारल्यावर जो 'असंच एकदा' म्हणतो, त्याची गोष्ट खोटी असते. ही खोटी नाही. ज्या फिटरने हे डोळ्यांनी पाहिलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. थापा रचायला जी कल्पना लागते ती त्याच्याकडे औषधालाही नाही. आता मधे कुणी बोलायचं नाही. ज्याला भीती वाटत असेल त्याने आत्ताच उठून आत जावं. नंतर दार उघडायला कुणी येणार नाही.

तर हा फिटर बॉयलरची कामं करायचा. त्या मंगळवारी तो एका जुन्या इस्पितळात आला होता. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोल्यांच्या पलीकडे, बॉयलरची खोली होती. आत दोन पुरुष उंचीची लोखंडी टाकी, तिच्या पोटाखाली डिझेलचा बर्नर. तिथून सगळ्या वॉर्डांना गरम पाणी जायचं. टाकीवर गोल काचेचं, काट्याचं थर्मामीटर होतं. रात्रंदिवस एक माणूस खुर्ची टाकून त्या काट्याकडे बघत बसायचा. काटा वर गेला की बर्नर बंद, खाली आला की चालू. इतकी वर्षं असंच चाललं. आता इस्पितळाने ठरवलं की काम यंत्राने होतंय तर रात्री माणूस कशाला. सोमवारी टाकी रिकामी केली, रात्रपाळी तक्त्यातून काढून टाकली आणि फिटरला बोलावलं.

काम सरळ होतं. टाकीत दोन सेन्सर बसवायचे. पहिला पाणी किती गरम झालं ते सांगणार. पासष्ट अंशांवर बर्नर बंद, साठवर पुन्हा चालू. दुसरा राखणदार. पहिला चुकला, बिघडला, तर पंचाऐंशीला हा बर्नरची वीजच तोडणार. दोघांच्या वायरी भिंतीतून शेजारच्या पंपाच्या खोलीत न्यायच्या. तिथे पेटी. पेटीवर दोन आकडे, वर पहिल्याचा, खाली दुसऱ्याचा. दोन खोल्यांच्या मधे दार, दाराला हातभर काच.

मदतीला रात्रपाळीचे काका होते. साठीला टेकलेले, अंगाने वाळके, बोलणं मोजकं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांची शेवटची रात्र रविवारी झाली होती. फिटर काम करत होता तेवढ्यात ते तीनदा जिने चढून वर जाऊन आले. त्यांची एकुलती एक मुलगी दुपारीच बाळंतपणासाठी वर दाखल झाली होती.

"काय म्हणते?" फिटरने विचारलं.

"वेळ आहे म्हणतात. मला बघितलं की रडते, मग मीच खाली येतो." काकांनी पेटीकडे हनुवटी वळवली. "हा चहा पितो का रे?"

"नाही."

"रजा मागतो?"

"नाही काका."

"कुणाला उलट बोलतो?"

"तेही नाही."

"मग सुपरवायझर याला मुलगी देईल."

फिटर हसला. त्याने दुसरा सेन्सर काकांच्या हातात दिला. करंगळीएवढी स्टीलची कांडी, मागे लांब वायर. "मुठीत धरा, काका. गंमत बघा."

काकांनी धरला. उघड्या दारातून पेटीवरचा खालचा आकडा दिसत होता. चोवीस होता, तो चढू लागला. अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. पस्तीसवर थांबला.

"पस्तीसच? माणूस सदतीसचा ना?"

"तळहात जरा गार असतो. पण कुणीही धरा, तेवढाच येणार."

काकांनी मूठ उघडून कांडीकडे बघितलं. "म्हणजे मूठ कुणाची ते नाही सांगत. मूठ आहे एवढं सांगतं."

"बस, तेवढंच."

पहिला सेन्सर जुन्या थर्मामीटरच्या भोकात चपखल बसला. काढलेलं थर्मामीटर काकांनी फडक्याने पुसून खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलं. टाकी भरली, बर्नर पेटला, आकडा सुरळीत वर जाऊ लागला. मग दुसरा बसवायला घेतला, आणि आटे जुळेनात. फिटरने एक भोक मोजून दोन्हींचं सामान आणलं होतं. असली चूक मुरलेला माणूसच करतो. नवखा घाबरून दोन्ही मोजतो. दुसरं भोक नंतर कुणीतरी वेगळ्या मापाने पाडलेलं. जोड लागणार होता, आणि दुकान सकाळी उघडणार होतं. फिटरने स्वतःला दोन शिव्या हासडल्या, भोकाला बूच मारलं आणि राखणदाराची कांडी तशीच वरच्या पाइपवरून खाली सोडून दिली. ती टाकीसमोर हवेत लोंबत राहिली. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर.

सुपरवायझर ऐकेना. "रात्री पाणी हवंच. वॉर्ड कालपासून बोंबलतायत."

"पाणी मिळेल. पण राखणदार बसला नाही तोवर टाकी एकटी सोडता येणार नाही. आजच्यापुरता माणूस बसवा."

"माणूस कुठून आणू? दुसऱ्या रात्रीवाल्याला लांबच्या दवाखान्यात पाठवलं. तक्त्यात आता रात्र नाहीच."

काका पान्यांना तेल लावत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"आजची रात्र तक्त्यात नाही?"

"नाही म्हणालो ना."

"कुणाच्याच नावावर नाही?"

"अहो, नाही. किती वेळा सांगू?"

काकांनी पाना खाली ठेवला. "मग मी बसतो."

सुपरवायझरला तेच हवं होतं. मागे वळूनही न बघता तो गेला. फिटरला मात्र बरं वाटेना. चूक त्याची होती. आणि हा म्हातारा माणूस, वर मुलगी अडलेली, रात्रभर खाली बसणार. तो जवळ जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही वर जा. मी बसतो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

काकांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. त्यांनी फिटरचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"हे परत बोलायचं नाही."

"अहो, पण..."

"या खोलीत हे शब्द परत काढायचे नाहीत. ऐकलंस?"

असा धाक त्याला शाळेनंतर कुणी घातला नव्हता. काका जरा वेळाने निवळले. स्टुलावरचं थर्मामीटर त्यांनी मांडीवर घेतलं आणि सांगितलं. सबंध आयुष्यात एवढं सलग ते तेव्हाच बोलले असतील.

बॉयलरवर तेव्हा दोन रात्रीवाले होते. काका आणि त्यांचा जोडीदार. एक दिवसाआड एकाची रात्र. प्रत्येकाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. काकांचा सात, जोडीदाराचा चार. ज्याची रात्र त्याचा बिल्ला आतल्या खिळ्यावर टांगायचा. कुणाला अडचण आली तर दुसऱ्याकडून रात्र उसनी घ्यायची. त्याची रीत ठरलेली होती. खिळ्यावर बिल्ला ज्याची रात्र त्याचाच राहणार. बसणारा आपला बिल्ला उसनी घेणाऱ्याच्या हवाली करणार. परतफेडीची रात्र बसून काढली की बिल्ले आपापल्या धन्याकडे. कार्यालयाला याचा पत्ता नसायचा. कुणी कधी बुडवलं नाही.

"हिच्या जन्माच्या वेळी हिची आई वर होती," काका म्हणाले. "याच इस्पितळात. माझी रात्र. तो नुसता चहा प्यायला आला होता. मला म्हणाला, तू वर जा, मी बसतो. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

फिटरने मान खाली घातली.

"दुपारपासून हा काटा अडकत होता. सत्तरवर बसायचा, हलायचा नाही. काचेवर टिचकी मारली की उडी मारून खऱ्या जागेवर जायचा. मला ठाऊक होतं. त्याला सांगायचं होतं. तेवढ्यात वरून आया धावत आली, चला म्हणाली. त्याने बिल्ला माझ्या हातात कोंबला. मी जिन्याकडे पळालो." त्यांनी मांडीवरच्या काचेवर बोट ठेवलं. "सांगायचं राहिलं."

"मग?"

"मग काय? तो सत्तरकडे बघत बसला. पाणी उकळून पुढे गेलं. वाफ सोडणारा व्हॉल्व्ह गंजलेला होता. पहाटेच्या आधी वरचं झाकण उडालं. सगळी टाकी त्याच्या अंगावर. वर मुलीने पहिला टाहो फोडला, तो ऐकत होतो मी. खालचा आवाज वीज कडाडली असं वाटलं."

काकांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पितळी बिल्ला. झिजून गुळगुळीत झालेला, पण चारचा आकडा स्पष्ट होता.

"माझा सात नंबर खिळ्यावर होता. तो नंतर सापडला नाही. गटारापर्यंत शोधला. कार्यालयाने बारा नंबर दिला."

"काका, इतकी वर्षं झाली. तुम्ही इथेच किती रात्री काढल्यात. फिटलं असेल की."

"माझ्या नावावरच्या काढल्या. माझ्या रात्री त्याला कशा देणार?" काकांनी बिल्ला उलटा-पालटा केला. "रविवारी शेवटची झाली तेव्हा वाटलं, राहिलं ते राहिलं. हे ओझं घेऊनच जायचं. आणि आज ही रात्र निघाली. माझी नाही, कुणाची नाही. आणि वर ती आहे. तो आज येणार."

"येऊन काय करणार?"

"ते मला माहीत नाही. मी काय करायचं ते माहीत आहे. सहाच्या भोंग्यापर्यंत खुर्ची सोडायची नाही."

"आणि सोडली तर?"

काकांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "मग इथे दुसरं कोण आहे?"

फिटरने घरी फोन लावला. बायको म्हणाली, दोन तासांचं काम म्हणून गेलात, आता बिऱ्हाडच हलवा तिकडे. तो उगाच हसला. त्याला निघून जाता आलं असतं. पण लोंबती कांडी त्याच्या चुकीची होती. पंपाच्या खोलीत पेटीसमोर एक बाकडं होतं, त्यावर तो आडवा झाला. काकांनी आत जाऊन खिळ्यावर चार नंबर टांगला. मग दाराशी येऊन म्हणाले, "भोंगा होईपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. मी बोलावलं तरी नाही."

त्यांनी दार लावून घेतलं.

रात्रीचा पहिला भाग बरा गेला. बर्नर भुर्र करून पेटायचा, विझायचा. वरचा आकडा साठ-पासष्टच्या मधे इमानदारीने फिरत होता. खालचा चोवीस. फिटरने काचेतून दोनदा बघितलं. काका खुर्चीत ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. एकदा त्यांनी त्याला हातानेच खूण केली, झोप आता. त्याला डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने.

टक्.

काचेवर नख वाजावं तसा. त्याला वाटलं, काका दाराच्या काचेवर वाजवतायत. तो उठला. काचेपाशी कुणी नव्हतं.

टक्... टक्.

आतून येत होता. खुर्चीच्या बाजूने. स्टुलावरून.

त्याने घड्याळ बघितलं. तीन वाजायला आले होते. बर्नर बंद होता. इतकी शांतता की पाइपातलं पाणी ऐकू येत होतं. सवयीने त्याची नजर पेटीवर गेली. वर त्रेसष्ट. ठीक.

खाली एकोणतीस.

तो बघत असतानाच तीस झाले. बत्तीस. चौतीस.

पस्तीस.

आकडा थांबला.

त्याला हसू आलं. म्हातारा बसून कंटाळला, कांडी मुठीत धरून खेळतोय. तो काचेला नाक लावून बघायला गेला.

काका खुर्चीतच होते. हात गुडघ्यांवर. दोन्ही.

कांडी टाकीसमोर होती. खुर्चीपासून लांब. पाइपवरून वायर सरळ खाली आली होती... सरळ नव्हती. जराशी कललेली. ताणलेली. हातात धरलेली दोरी कलते तशी.

हलत नव्हती.

फिटरने मागे पेटीकडे बघितलं. पस्तीस. पुन्हा आत बघितलं. काका त्या कांडीच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. माणसाच्या तोंडाकडे बघावं तसे. मान थोडी वर करून.

त्यांचे ओठ हलले. आवाज बारीक होता, पण दाराखालच्या फटीतून आला.

"काटा अडकतो, बरं का. काचेवर टिचकी मारून बघत जा."

...

"सांगायचं राहिलं होतं."

...

टक्.

मग काही नाही. बराच वेळ काही नाही. फिटर काचेपाशी उभा होता. त्याने मनाशी धरलं होतं की वायर आता सैल पडेल. आता पडेल... पडली नाही. दोघं नुसते बसून राहिले, असं फिटर म्हणाला. एक खुर्चीत दिसत होता.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा फिटर ओरडायचाच बाकी राहिला. काकांचा जावई होता. केस विस्कटलेले, डोळे लाल, चेहरा फुललेला.

"मुलगा झाला. दोघं सुखरूप आहेत. बाबा कुठे? ती सारखी बाबा-बाबा करतेय."

त्याने दाराच्या कडीला हात घातला. फिटरने तो हात धरला. का धरला ते त्याला सांगता येईना. नुसती मान हलवत राहिला.

जावयाने काचेवर थाप मारली. "बाबा, नातू झाला. वर चला."

काकांनी सावकाश मान वळवली. फिटरने ते तोंड जवळून पाहिलं. आनंद होता त्यात. खरोखर होता. आणि त्याच्या आत, खाली, काहीच उरलेलं नव्हतं.

"कसा आहे?"

"तुमच्यावर गेलाय. रडतच नाही, नुसता बघतो. चला ना."

"सहाला येतो म्हणावं."

"अहो, पाच मिनिटं फक्त. तोंड बघा आणि परत या. हे बसतील की तोवर." जावयाने फिटरकडे बोट केलं. "काय हो, बसाल ना?"

फिटरने पेटीकडे बघितलं. खालचा आकडा पस्तीसच होता. आत वायर मात्र हलली होती. आता ती दाराच्या बाजूला कलली होती.

फिटरच्या बाजूला.

काका खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून अर्धे उठले होते. नातू होता. कुणीही उठेल. ते तसेच, अर्धे उठलेले, थांबले. त्यांनी वायरीकडे बघितलं. मग काचेतून फिटरकडे. फिटरची दाढी वाढलेली, डोळे मोठे झालेले, गळ्याशी मफलर... इथे दुसरं कुणी नव्हतं.

ते परत बसले.

"सहाला," ते म्हणाले. "तिला सांग, पाणी गरम आहे वर. कमी पडणार नाही."

"ती काय म्हणेल माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

जावई पाय आपटत जिना चढून गेला. वायर हळूहळू आपल्या जागी वळली. फिटर बाकड्यावर बसला. निजायचा प्रश्नच नव्हता. पाठ भिंतीला, डोळे आकड्यांवर. बर्नर पेटला की त्याला बरं वाटायचं. बर्नर विझला की पुन्हा ती शांतता. वर पासष्ट. खाली पस्तीस. वर साठ. खाली पस्तीस.

एकदा आत काका खोकले. एकदा त्यांनी कुणाला तरी विचारलं, "थंडी वाजते का?"

...

उत्तर आलं की नाही ते फिटरला कळलं नाही. पण काकांनी अंगावरची शाल काढली आणि समोर जमिनीवर ठेवली. सरकवून.

उजाडायचं नावच नव्हतं.

पलीकडच्या कारखान्याचा सहाचा भोंगा झाला तेव्हा फिटर उभाच होता. भोंगा वाजत असतानाच खालचा आकडा हलला. चौतीस. बत्तीस. तीस. कुणीतरी बोटं एकेक करून सोडावीत तसा. वायर सरळ झाली. जरा हिंदकळली. थांबली.

फिटरने दार ढकललं. सुटल्याच्या आनंदात तो जवळजवळ हसतच आत गेला. "काका, वाजले सहा. चला, उठा आता. नातू वाट बघतोय."

काका ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर. डोळे दाराकडे. फिटरने त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि ते अलगद एका बाजूला कलले.

डॉक्टर आले. छातीला नळी लावून बघितली, म्हणाले, हृदय बंद पडलं, आत्ताच, अंग अजून गरम आहे. थकवा, थंडी, वय. जावई भिंतीला टेकून खाली बसला. मुलीला सांगायला कुणी तयार होईना. शेवटी नर्सने सांगितलं. ती रडली नाही म्हणतात. पाळण्याकडे बघत एवढंच म्हणाली, "दोन जिने होते फक्त. दोन जिने चढून आले नाहीत."

तिला खरं कारण कुणी सांगितलं नाही. फिटर सांगायला म्हणून वरपर्यंत गेला होता. दारातून परत आला. काय सांगणार होता?

दिवसपाळीचा माणूस भोंग्यानंतर थोड्याच वेळात आला होता. तोही जुनाच, काकांच्या बरोबरीचा. काकांना उचलून नेलं, गर्दी पांगली, तेव्हा त्या खोलीत तो आणि फिटर दोघेच राहिले. माणूस गेला तरी वॉर्डांना पाणी लागतंच. त्याने नाक पुसलं, काकांची शाल जमिनीवरून उचलून घडी केली, खिशातून स्वतःचा बिल्ला काढला आणि खिळ्याकडे वळला.

त्याचा हात हवेत राहिला.

"हा इथे कुणी टांगला?"

"काकांनीच. रात्री. माझ्यासमोर. चार नंबर."

"चार नाही हा."

फिटर पुढे झाला. खिळ्यावर पितळी बिल्ला होता. काळवंडलेला, एक कड आगीने नव्हे, पाण्याने खाल्लेली. मधे सात.

"हा तर त्या रात्री गेला होता," दिवसवाला हळू आवाजात म्हणाला. "मी स्वतः शोधला होता गटारात. नंतर हा नंबर पुन्हा केलाच नाही कुणी."

फिटरने हात लांब केला. बिल्ल्याला बोट लागलं, आणि त्याने ते मागे घेतलं. खिळा गार होता. बिल्ला मात्र कोमट होता. रात्रभर कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा.

चार नंबर त्यांनी सगळीकडे शोधला. काकांच्या खिशात, रुमालात, खुर्चीखाली, टाकीच्या मागे. कुठेच नव्हता.

तो ज्याचा त्याच्याकडे गेला होता.